तम्मण्णांच्या मागाला लाल थेंब

सीमाभागातल्या वडगावच्या विणकर गल्लीतली तेजस्वी सांबऱ्याच्या विमानतळावर विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत मेकॅनिक आहे. थरथरीनं नट-स्क्रू सुटू नयेत म्हणून आट्यांवर जो चिकट थेंब लावतात, तो कुठं लावायचा हे तिला बघावं लागतं. निळा लावलेला नट पान्यानं सुटतो, लाल लावलेला तापवल्याशिवाय सुटत नाही. आतून नायलॉनची कडी असलेल्या नटाला काहीच लावायचं नाही. सगळं मॅन्युअल सांगेल तसं; मॅन्युअल गप्प असेल तर तेजस्वीही गप्प.

घरी तिचे वडील तम्मण्णा यांच्या यंत्रमागाचे नट रोज ढिले व्हायचे. विमानाचे सुटत नाहीत आणि आपले सुटतात, हा त्यांना अपमान वाटे. लेकीनं मागाचं मॅन्युअल मागितलं. जुना घेतलेला माग, मॅन्युअल कुठलं? मग तम्मण्णांनी स्वतःच लाल बाटली आणली. निळं त्यांना पाणचट वाटलं. बाटली अर्धीच भरलेली निघाली म्हणून दुकानदाराशी भांडूनही आले. तेजस्वीनं समजावलं की ते हवेत पातळ राहतं आणि आट्यांत हवा मिळेनाशी झाली की घट्ट होतं, म्हणून बाटलीत हवा ठेवतात.

ती कामावर गेल्यावर त्यांनी एकूण एक नटाला लाल लावलं. उरलं ते चष्म्याच्या स्क्रूला. त्यानं चष्म्याची प्लास्टिकची काडी तडकली, पण माग इतका शहाण्यासारखा चालू लागला की शेजारी चौकशीला आले.

चार दिवसांनी विरळ साड्यांची ऑर्डर आली. वीण बदलायला मागाचं एक दातेरी चक्र बदलावं लागतं, आणि त्या चक्राचा नट हलेना. दोन पाने वाकले. तम्मण्णांनी मग दाटच साड्या विणून पाठवल्या. सतरंजी नेसल्यासारखं वाटतं म्हणून त्या परत आल्या.

सुट्टीदिवशी तेजस्वीनं धाग्यांवर ओली पोती टाकली, गरम हवेच्या गननं नट तापवला आणि तो गरम आहे तोवर सोडवला. चक्र बदललं, आटे पुसले, निळा एकच थेंब लावला. मग वहीत मागाचं मॅन्युअल लिहून काढलं. त्यात विमानाचाच नियम घातला: काम एकानं करायचं, तपासून सही दुसऱ्यानं. ते दुसरं माणूस म्हणजे तिची आई, रुक्माबाई.

रुक्माबाईंनी एकेका नटावर बोट ठेवलं आणि सही न करताच वही मिटली.

"आज माग चालवायचा न्हाय. मला पटंना झालंय."

"काय पटंना?" तम्मण्णांनी विचारलं.

"ते बी उद्या बघते."

तपासणाऱ्याचा शब्द शेवटचा, हे तेजस्वीनंच लिहिलं होतं. माग दोन दिवस बंद राहिला. तम्मण्णा सकाळ-संध्याकाळ रुक्माबाईंना चहा करून वहीजवळ उभे राहिले. तिसऱ्या दिवशी सही झाली, कन्नडमध्ये, तारखेसकट.