कोलशेतच्या खाजणात पाऊण तास

मला पोहता येत नाही हे मी आमच्या ग्रुपमध्ये कोणालाच सांगितलेलं नव्हतं. माझ्या मित्राला पोहता येत नाही हे मात्र आख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं, कारण त्याची आई ते जिन्यात भेटेल त्याला सांगायची. तो आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा, डोंबिवलीत, एकुलता एक. त्याला पहिल्यांदा कोलशेतला घेऊन निघालो तेव्हा त्या माऊलीने मला दारात अडवलं आणि म्हणाली, "पाण्याजवळ नेतोयस ना, मग परत आणायची जबाबदारी तुझी." मी एकदम हो काकू, हो काकू करून मोकळा. एकोणीस वर्षांचा होतो, जबाबदारी म्हणजे काय ते फक्त निबंधात लिहिलेलं.

आम्ही करायचो काय, ते आधी सांगतो. उल्हास नदी कोलशेतला येईपर्यंत नदी राहिलेलीच नसते, ती खाडी असते. काठाला खाजण, म्हणजे चिखल आणि तिवरांची झाडं. त्या तिवरांच्या मुळांत नायलॉनच्या गोणी, थर्माकोल, दुधाच्या पिशव्या, कुठल्यातरी फॅक्टरीची निळी प्लास्टिकं असं सगळं भरतीबरोबर यायचं आणि अडकून बसायचं. काठ आणि पुढचा चिखलाचा उंचवटा यांच्यामध्ये एक ओहोळ होता. तो इतका तुंबलेला की त्यात पाणी फिरायचंच नाही. गावातली एक कोळीण काकी, जिच्याकडून बीएस्सीला असलेली आमची एक मैत्रीण मासे घ्यायची, त्या काकीने तिला सांगितलेलं की पूर्वी ह्या ओहोळात हाताने चिखलातले निवट्या मासे धरायचो, आता चिंबोरी खेकडापण येत नाही. मैत्रिणीने ते आम्हाला सांगितलं, आणि आम्ही पाच जण, म्हणजे ती, मी, माझा मित्र आणि कल्याणचे दोन भाऊ, दर रविवारी गोणी घेऊन कचरा काढायला जायला लागलो. बस, एवढंच. ना बॅनर ना काही.

पण खाजणात काकीशिवाय उतरायचं नाही, हा नियम. ती पुढे आणि आम्ही तिच्या पावलावर पाऊल. ओहोळात एकाच ठिकाणी खाली शिंपल्यांचा थर होता, तिथे पाय टिकायचा. दोन हात इकडेतिकडे गेलात की चिखल, आणि तो चिखल तुम्हाला सोडत नाही. अनवाणी चालायचं, हे पण तिचंच.

तर काकीने मला भरतीची वेळ काढायला शिकवलेली. मीच मागे लागलेलो. ती म्हणाली, तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती पुरी. अष्टमी असली तर सहा. आमच्या खाडीला पाणी उशिरा येतं म्हणून वर एक तास, म्हणजे सात. ओहोटी त्याच्या सहा तास आधी. मला हे इतकं भारी वाटलेलं की मी कॉलेजमध्ये, घरी, रिक्षाच्या लाइनीत, जिथे तिथे सांगत सुटलेलो. घड्याळ नको, काही नको, तिथी सांगा, पाणी सांगतो.

त्या रविवारी काकी विठ्ठलवाडीला भाचीच्या साखरपुड्याला गेलेली. आदल्या आठवड्यातच तिने सांगितलेलं, मी नसेन, तुम्ही काठाकाठाने करा, पलीकडे जाऊ नका. पण काठाचा कचरा आम्ही आधीच उचललेला आणि पलीकडे उंचवट्यावर तिवरांत निळं प्लास्टिक नुसतं लटकत होतं. कल्याणच्या भावांतला मोठा म्हणाला, जाऊया का. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी, काय सांगू, मी म्हणालो की मला वेळ काढता येते, काकीनेच शिकवलंय.

सकाळी घरातून निघताना आई साबुदाणा निवडत होती. संकष्टी होती. म्हणजे चतुर्थी. चाराची पाऊणपट, चार पाऊणे तीन, वर एक तास, चार. चारला भरती, दहाला ओहोटी. बारापर्यंत आरामात परत. मी हे बोटांवर करून दाखवलं, आणि मैत्रीण म्हणाली, "पंचांगकार, पाणी वर आलं तर तुझ्या डोक्यावर उभी राहणार आहे मी." सगळे हसले. मी पण.

माझ्या मित्राने त्या दिवशी गमबूट घातलेले. त्याच्या वडिलांच्या कंपनीतले, काळे, गुडघ्यापर्यंत. आदल्या रविवारी त्याच्या पायाला काच लागलेली, म्हणून आईने जबरदस्ती घालायला लावलेले. काढ म्हणालो तर म्हणाला, माझ्या आईला तू समजावशील का? मी नाही समजावणार, म्हटलं. मग राहू दे, म्हणाला.

नऊनंतर आम्ही शिंपल्यांवरून पलीकडे गेलो. पाणी घोट्याएवढं. दोन अडीच तास असं काम केलं की विचारू नका. आठ गोणी भरल्या, तोंडं सुतळीने बांधली. उन्हाने चिखल तापलेला, वास मारत होता, पण मजा येत होती, खरंच.

साडेअकराच्या सुमाराला मी ओहोळाकडे बघितलं. काठाजवळ एक मोडकी काठी चिखलात रुतलेली होती. येताना ती पूर्ण उघडी होती. आता तिचं फक्त टोक दिसत होतं.

मी बघितलं आणि बोललो नाही. मी घड्याळ बघितलं, मनात परत हिशोब केला, चार पाऊणे तीन, वर एक. बरोबर तर होता. मग पाणी चूक असेल असं काहीतरी मी मनाशी म्हणालो. बोललो असतो तर सगळे हसले असते, बस, एवढंच कारण होतं. मी अजून एक गोणी भरायला घेतली आणि तिचं तोंड सुतळीने तीनदा बांधलं.

दहा मिनिटांत टोकपण दिसेनासं झालं. तेव्हा मैत्रिणीने मान वर केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "हे किती वाजता यायचं होतं?" मी परत बोटांवर मोजायला लागलो. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. ती म्हणाली, चला, आत्ता, सगळं उचला.

शिंपल्यांची जागा आता दिसतच नव्हती. सगळीकडे तेच करडं पाणी, आवाज न करता चढणारं. मी खाडीला आवाज असतो समजायचो. नसतो. ती फक्त येते. मोठा भाऊ पुढे, अंदाजाने, कमरेपर्यंत पाण्यात. मग मैत्रीण, धाकटा भाऊ, मग मी. मित्र सगळ्यात मागे, खांद्यावर गोणी. पाण्याच्या जोराने तो दोन पावलं उजवीकडे सरकला आणि थांबला.

थांबला म्हणजे खरंच थांबला. मी वळून बघितलं तर तो आधीपेक्षा बुटका दिसत होता. तो म्हणाला, "अरे पाय येत नाहीये." अगदी नेहमीच्या आवाजात, जिन्यात चप्पल अडकल्यासारखा. मग दुसरा पाय ओढायला गेला आणि तो पण गेला. पाणी त्याच्या पोटावर आलं. मग त्याचा चेहरा बदलला. मी तो चेहरा लहानपणापासून बघतोय, पण तसा कधी बघितला नव्हता.

मी त्याचा हात धरून ओढलं. तो अजून खाली गेला. ओढलं की माणूस खालीच जातो, हे मला माहीत नव्हतं. पाणी छातीला लागलं. मला त्याच्या आईचं दारातलं वाक्य ऐकू यायला लागलं, देवाशप्पथ, तेच तेच, आणि मी तिथे उभा राहून फक्त सॉरी सॉरी म्हणत होतो. तो मला म्हणाला, गप्प बस ना यार.

डोकं चाललं ते मैत्रिणीचं. ती काठाला पोचलेली, तिथून परत फिरली आणि ओरडली की गोणी, गोणी तरंगते, गोणी दे त्याला. खरंच, आत सगळं प्लास्टिक आणि थर्माकोल, ती बुडणार कशी. त्याच्या खांद्यावरची गोणी त्याच्या छातीखाली आली. दोघे भाऊ मागे फिरून उंचवट्यावर चढले आणि तिथे राहिलेल्या गोण्या एकेक करून पाण्यात ढकलायला लागले, आम्ही त्या पकडून त्याच्या दोन्ही बाजूंना, मी स्वतः एका गोणीवर आडवा. म्हणजे मी पण तरंगत होतो, आणि मला ते कळलंसुद्धा नाही इतका घाबरलेलो. मैत्रीण त्याच्या कानाशी सांगत होती, पाय ओढू नकोस, बोटं हलव, बुटात बोटं हलव, बुटातून पाय काढ. तो रडत होता. आधी डावा पाय सुटला. मग किती वेळ गेला माहीत नाही, पाणी त्याच्या हनुवटीला टेकलं, त्याने मान मागे टाकली, आणि उजवा सुटला. तो एकदम गोणीवर आडवा झाला, मोकळे पांढरेफटक पाय पाण्यावर.

आम्ही काठाला लागलो तेव्हा सुतळ्या सुटलेल्या. दोन अडीच तासांचं सगळं काम ओहोळातून पुन्हा तिवरांत चाललेलं, निळं निळं. आम्ही पाचही जण बसून ते बघत राहिलो. धाकट्या भावाला उलटी झाली.

घरी जाताना बसमध्ये मित्राने मला सांगितलं की आईला काही बोलायचं नाही. बुटांचं काय, विचारलं तर म्हणाला, बघतो. त्याने बघितलं ते असं. काठावर काढून ठेवलेले, गावातल्या कोणीतरी चोरले, म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची आई जिन्यात माझ्या आईला सांगत होती की ह्या मुलांनी त्यांचा घाण कचरा उचलायचा आणि त्या लोकांनी ह्यांचे बूट पळवायचे. मी वरच्या पायरीवर होतो. उलटा फिरलो आणि घरात जाऊन बसलो.

मंगळवारी मी एकटा कोलशेतला गेलो. काकी बाजारात पाटावर बसून कोलंबी सोलत होती. मी सगळं सांगितलं, काठीसकट. बुटांचं पण. तिचा हात एकदाही थांबला नाही. मग तिने विचारलं, तिथी कुठली धरलीस. म्हटलं, चतुर्थी, घरी संकष्टी होती.

"संकष्टी रातचे चंद्रावर धरतान, पोरा," ती म्हणाली. "सकालचे पारी तीजच व्हती. तुझी आय उपास करते, खाडी नाय करत."

तीज, म्हणजे तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन, वर एक तास, सव्वातीन, चार नाही. पाऊण तास. मी पाऊण तास उशिराचं पाणी सांगितलेलं. मी म्हटलं, काकी, येत्या रविवारी परत येतो, सगळं परत काढतो. ती म्हणाली, "त्याचे आयेला सांगलंस काय? नाय ना. आधी तिला सांग. मंग खाजणात पाय ठेव." आणि मग, कोलंबीकडे बघतच, की चोर म्हणवून घ्यायची आम्हाला सवय हाय, पण त्या बाईला पोर कुठून परत आला ते ठाऊक पाहिजे.

कोलशेत ते डोंबिवली मी काय विचार करत आलो, आठवत नाही. जिना मात्र आठवतो. ओहोळात घाबरलेलो तेव्हा निदान हातपाय तरी हलवत होतो. इथे बेल वाजवायला बोट वर जाईना. मी वरच्या मजल्यावर गेलो, खाली आलो, परत गेलो. शेवटी तिनेच दार उघडलं, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला, आणि मी समोर.

मी एका दमात सगळं बोललो. बूट चोरीला नाही गेले, ओहोळात आहेत, वेळ मी चुकीची काढली, काकीने नको म्हटलेलं, पाणी चढताना मला दिसलेलं आणि मी बोललो नाही. आतून मित्राचा आवाज आला, "कशाला सांगितलंस रे xxx," अशी शिवी घातली की त्याच्या आईसमोर मी ती आधी कधी ऐकली नव्हती. तिने मागे बघितलंच नाही. डबा तिच्या हातातच होता.

"पाणी कुठवर आलेलं?" तिने विचारलं.

मी हात वर केला आणि आपल्या हनुवटीखाली आडवा धरला.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. ओरडेल, कानफटवेल, काहीतरी करेल म्हणून मी डोळे बारीक केलेले. तिने डबा खाली ठेवला, खूप हळू, आवाज होऊ नये तसा, आणि चौकटीला धरून उभी राहिली. दार लावलं नाही, आत ये पण म्हणाली नाही. मला हात खाली घ्यायचा होता, पण तिची नजर त्याच्यावर होती, म्हणून मी तो तसाच धरून ठेवला.