बसलेल्या म्हशीचा भाव

सुरतेच्या गोडादऱ्यात कलाबाईंची खानावळ विचारा, कुणीही बोट दाखवील. कापड विणायच्या लूमवर बारा तास उभी राहिलेली साठ-सत्तर माणसं रोज दोन वेळा त्यांच्या हातचं जेवतात. बाई शिकल्या तिसरीपर्यंत. वडील गुरांचे दलाल. त्यांच्या मागे मागे खानदेशातले बाजार हिंडल्या आणि लग्न होऊन सुरतेला आल्या. "शिंगं बघू नको, खाते किती ते विचार," हे वडिलांचं वाक्य तेवढं सोबत आलं.

त्यांच्या मुलाला, कुंदनला, साडीच्या गोदामातली नोकरी सोडून लग्नांना गाडी भाड्याने द्यायची होती. साधी गाडी नवरदेवाला चालत नाही, म्हणून त्याने कतारगामच्या मनहरभाईंच्या यार्डात एक जुनी परदेशी एसयूव्ही हेरली. काळी, चकचकीत, हत्तीएवढी. नवी असताना पाऊण कोटीची, आता चौदा लाख. माय-लेकांनी पंधरा वर्षांत साठवलेले बारा. गाडी चुकली की सगळंच गेलं आणि कुंदन परत गोदामात.

कलाबाई कुंदनबरोबर बघायला गेल्या त्या उधन्याच्या धम्मरत्नला घेऊन. धम्मरत्न त्यांच्याकडेच जेवायचा आणि अशाच भारी गाड्यांच्या गॅरेजमध्ये काम करायचा.

"आवो मासी! आ तो राणी छे, राणी!" मनहरभाईंनी दार उघडलं.

बाईंनी दाराकडे बघितलंच नाही. बॉनेटवर तळहात ठेवला. "राणीला ताप आलाय का? गरम लागतेय."

"हमणां पंप पर जईने आव्यो ने!"

"बरं, आत्ताच पंपावर जाऊन आलास. भाऊ, हाई दिनभरमा काय खाई?"

"मासी, लिटरला दहा आरामसे!"

"डिझेल नाही रे. हिचं आजारपण सांग."

मनहरभाई हसले. गाडीखालून धम्मरत्नचा आवाज आला. "मी सांगतो, मावशी. टायर एकेक चोवीस हजाराचा, आणि बदलायचे तर चारही एकदम. ब्रेकचे साठ-सत्तर हजार. गिअरचं तेल, 'कधी बदलायची गरज नाही' म्हणतील, ऐकायचं नाही, तीस हजार. आणि हिला स्प्रिंगा नाहीत, हवेच्या पिशव्यांवर उभी असते. एक पिशवी फाटली की पाऊण लाख."

"धम्मा, हळू बोल ना," कुंदन कळवळला.

"हळू बोललो तर स्वस्त होईल का? गाडी चौदा लाखांची झाली, पण सामान अजून पाऊण कोटीच्या गाडीचंच लागतं."

"म्हणजे घराणं बुडालं तरी पाटलिणीला तूप लागतंच," कलाबाई म्हणाल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी अकरा हजार मनहरभाईंच्या हातात ठेवले. "हा इसार. आमच्या बाजारात इसार दिला की म्हैस एक रात्र आपल्या दावणीला बांधतात. पहाटे आपल्या हाताने धार काढायची, मग बोलायचं."

"मासी, गाडी कोई घरे लई जाय?"

"नाही नेत. इथंच राहू दे. चावी मला दे, रात्री हिला कुणी उठवायला नको."

मनहरभाईंनी किल्ली दिली. बाईंचा हात पसरलेलाच.

"दुसरी?"

"दुसरी तो... जोवी पडशे."

"हरवली असेल तर नवीन पस्तीस हजाराला पडते," धम्मरत्न हात पुसत म्हणाला. "तेवढे कमी करू."

दुसरी किल्ली लगेच सापडली. मनहरभाईंच्याच खिशात.

सकाळी सहाला तिघं यार्डात आले तेव्हा समोरचा चहावालाही झाडू हातात धरून बघत उभा होता. काळी गाडी मागच्या डाव्या अंगाला पार खाली टेकली होती. चाक कमानीत अर्धं बुडालेलं.

"अरे देवा," कलाबाईंनी कमरेवर हात ठेवले, "हाई ते बठी गई!"

मनहरभाई धावत आले. किल्ली मागून घेतली, गाडी चालू केली. खालून घुर्रर आवाज आला आणि गाडी हळूहळू वर उठली.

"जुओ! ऊभी थई गई!"

"शेपूट पिरगाळून कुठलीही उठते, भाऊ."

कुंदन पायरीवर जाऊन बसला. मान खाली. "चल माय, जाऊ घरी. नशिबातच नाही."

"गप बस. धम्मा, थंड इंजिन कसं बोललं?"

"पहिल्या फटक्यात उठलं. धूर नाही, खडखड नाही. तेल स्वच्छ, सर्व्हिसचे सगळे कागद आहेत. दुखणं फक्त पिशवीचं आणि हवा भरणाऱ्या पंपाचं. टायरही संपलेत."

"म्हणजे कास चांगली, पाय लंगडा." बाई वळल्या. "कुंदन्या, बसलेली म्हैस घेऊ नये असं कोण म्हणालं? ती बसलेल्या म्हशीच्या भावाने घ्यायची, एवढंच. कास सडलेली असती तर फुकटातसुद्धा नेली नसती. पाय बरा होतो. माझ्या बापाने आयुष्यभर हेच केलं. बोल तू. गाडी तुला चालवायचीय, मला नाही."

कुंदन उठला. "मनहरभाई, दुरुस्ती आणि टायर मिळून सव्वादोन लाख. वर्षभराच्या देखभालीला सव्वा लाख बाजूला ठेवल्याशिवाय मी गाडी घेत नाही. आमच्या बारा लाखांतून उरले साडेआठ."

"साडेआठ! अल्या, मने मारी नाखवो छे?"

"दुसरं गिऱ्हाईक पण सकाळी सहाला येऊन हिला बसलेली बघू शकतं."

चहावाला खो खो हसला. मनहरभाईंनी त्याच्याकडे रागाने पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि मग स्वतःच हसायला लागले. "ले, लई जा! मासी, आता हुं गाडी खरीदवा जाऊं तेव्हा तमे साथे आवजो."

पंधरा दिवसांनी, पिशवी, पंप आणि टायर नवे करून, गाडी गोडादऱ्याच्या गल्लीत शिरली तेव्हा लूम सुटायची वेळ होती. माणसं डबे घेऊन जागच्या जागी थांबली. शेजारच्या सुभद्राबाई गॅलरीतून ओरडल्या, "ओ कलाबाई! माझ्या नीलमचं लग्न वैशाखात आहे. काय घेणार दिवसाचे?"

मागच्या काचेतून कलाबाईंनी मान बाहेर काढली. "मला काय विचारतेस? मालकाला विचार."

कुंदनने क्षणभरही आईकडे पाहिलं नाही.

"पंधरा हजार, मावशी. डिझेल वेगळं."

"इतके? शेजारी ना रे तू!"

"शेजारी म्हणून फुलं माझ्याकडून. पण भाडं पंधरा."

"लिही मग," सुभद्राबाई म्हणाल्या, "पंचवीस तारीख. आणि धुऊन आण."