आईच्या बर्फासाठी घेतलेली गाडी

चहा संपेपर्यंत कुणी हसायचं नाही, या अटीवर सांगतो. तुम्ही हसणारच, मला ठाऊक आहे. बायको अजून हसते. शेजारचा हरप्रीत तर मी दारात दिसलो की "भाई, बर्फ?" एवढंच विचारतो आणि आत पळतो.

आमच्या मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनाच्या घरासमोर ते पांढरं धूड उभं आहे ना, त्याचाच हा किस्सा. सात सीटची फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅन. खास बर्फात चालवायला घेतलेली. आजपर्यंत बर्फात किती चालली? एक इंचसुद्धा नाही! यात गाडीची काही चूक नाही हो. चूक ड्रायव्हरच्या सीटवर बसते.

झालं असं, की जूनमध्ये आई आली. ऑस्ट्रेलियात पहिल्यांदाच. वय चौऱ्याहत्तर, डावा गुडघा नाजूक. "पुन्हा एवढा विमानप्रवास माझ्याच्याने होणार नाही, जे काय दाखवायचं ते या खेपेला दाखवून घे," असं तिने आल्या आल्या जाहीर केलं. परतीचं तिकीट ऑक्टोबरच्या मध्याचं. आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना सहज म्हणाली, "इथे जवळच बर्फ पडतो म्हणे. एकदा हातात घेऊन बघितला असता."

 आमचे बाबा दरवर्षी तिला सिमल्याला नेणार असायचे. दरवर्षी काहीतरी निघायचं. शेवटी बाबाच गेले, आणि सिमला राहिलं. तेव्हाच मी ठरवलं, आईच्या हातात बर्फ ठेवायचा म्हणजे ठेवायचा.

डोंगर आमच्यापासून साडेतीन तासांवर. सगळं जग तिथे आपापल्या गाडीने जातं. खालच्या गावात, बर्फात घसरू नये म्हणून चाकांना लावायच्या साखळ्या भाड्याने मिळतात.

हरप्रीत म्हणाला, "अरे, अपनी छोटी गाडी में चेन डाल और निकल ले. मैं तो हर साल जाता हूँ."

मी त्याच्याकडे दयेने बघितलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला टीचभर गाडीत कोंबून घाटातून घसरत न्यायचं? एका बाजूला दरी! छे. घरात फोर-व्हील-ड्राइव्ह हवी.

आता मी पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या कामातल्या खोड्या काढायचा मला पगार मिळतो. माझ्या हाती एखादी गोष्ट पडली की तिची अगदी साल निघते. मी शीट उघडलं. रकाने किती? बेचाळीस! गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच. पायरी आईच्या गुडघ्याला किती. मागची सीट गरम होते का. तिसरी रांग पाडली तर कुकर, शेगडी आणि आईची उशी मावते का.

"आपण चार माणसं आहोत," सायली म्हणाली. सायली म्हणजे बायको. ती हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, त्यामुळे वेडगळ माणसांशी शांतपणे बोलायची तिला सवय आहे. "आणि जाणार एक दिवस. कुकर कशाला?"

"अडकलो तर?"

"अडकलो तर फोन करू ना. डोंगरावर कॅफे आहे, निलेश."

पण ऐकतो कोण!

मग सुरू झाले आमचे रविवार. सकाळी नाश्ता झाला की मी आणि आई निघायचो. जुन्या गाड्यांचं एक आवार सोडलं नाही. आई प्रत्येक व्हॅनमध्ये चढायची, बसायची, उतरायची. मी पायरीला टेप लावून सेंटिमीटर लिहून घ्यायचो. एका सेल्समनने तर आईला खुर्ची आणून दिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मेट, वर्षातून किती वेळा जाता स्नोमध्ये?"

"एकदाच. आईला दाखवायला."

"एकदा? म्हणजे... एकूण एकदा?"

"हो."

त्या बिचाऱ्याने हातातली किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "मेट, चेन्स भाड्याने मिळतात." त्याच्या पोटावर पाय येत असताना त्याने हे सांगितलं! मी त्याला शीट दाखवलं. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला.

जुलैत एक व्हॅन पसंत पडली. एकेचाळीस रकाने हिरवे. घ्यायची वेळ आली आणि मी कच खाल्ली. एवढी मोठी वस्तू, चुकली तर? मी म्हणालो, "सध्या आषाढ चालू आहे. आषाढात गाडी घेत नाहीत."

आई म्हणाली, "अरे, मी कुठे काही म्हटलं?"

आईने खरंच काही म्हटलं नव्हतं. एरवी मी एकादशी कधी आली नि गेली हे विचारत नाही. पण निर्णय टाळायला पंचांगासारखं साधन नाही, हा शोध मला तेव्हा लागला. श्रावण लागला तोवर ती व्हॅन दुसऱ्याने नेली. मग दुसरी शोधेपर्यंत गणपती आले. गणपतीत कोण गाडी बघत फिरणार?

मधल्या काळात, जुलैअखेरच्या एका शनिवारी मी बॅलरॅट गावी एक गाडी बघायला गेलो. त्या दिवशी आईचा गुडघा दुखत होता, म्हणून ती घरी थांबली. संध्याकाळी परतलो तर आईचं नाक लाल, गाल लाल, आवाज बसलेला.

"बघ!" मी सायलीला म्हणालो, "घरात बसून ही अवस्था. डोंगरावर काय होईल? सीट गरम होणारीच हवी." आणि हीटर दोन डिग्रीने वाढवला. सायलीने माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलता बोलता थांबली.

हे लक्षात ठेवा हं. मी ठेवलं नाही.

सप्टेंबरच्या मध्याला ती सापडली. जपानहून आलेली, पांढरीशुभ्र. बेचाळीसच्या बेचाळीस रकाने हिरवे! मी मालकाला म्हणालो, ठरली. आणि घरी येऊन बघतो तर पितृपंधरवडा. आता मात्र मुहूर्तावर ढकलायची मला सवयच लागली होती. म्हटलं, दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, दसऱ्यालाच आणू. साडेतीन मुहूर्तांतला एक!

आई हळूच म्हणाली, "अरे, पण बर्फ थांबेल का तोवर?"

यावर मी काय उत्तर दिलं असेल? छाती पुढे काढून मी म्हणालो, "काहीतरीच काय आई! दसऱ्यानंतर तर थंडीला सुरुवात होते."

हे वाक्य मी मेलबर्नमध्ये बोललो. नऊ वर्षं इथे राहिलेला माणूस! नऊच्या नऊ डिसेंबर घामाने निथळलेला माणूस! अहो, देह इथे आला, पण डोक्यातलं कॅलेंडर पुण्याच्या भिंतीवरच लटकत राहिलं. दसरा म्हटलं की ट्रंकेतले स्वेटर उन्हात टाकायचे, एवढंच त्याला कळतं.

माझी दहा वर्षांची इरा टॅबलेटमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, इट्स स्प्रिंग."

"डोंगरावर वेगळं असतं," मी म्हणालो.

दसऱ्याला गाडी दारात आली. आईने ओवाळलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, स्टिअरिंगला झेंडूचा हार घातला. चार चाकांखाली चार लिंबं. नारळ हरप्रीतने फोडला. मी लिंबांवरून गाडी पुढे घेतली आणि माझे डोळे भरून आले. बाबांचं राहिलेलं मी करणार होतो.

शनिवारी निघालो. थर्मल, जाकिटं, हातमोजे, गमबूट, फावडं, कुकर. आईला मी इतके कपडे चढवले होते की सीटबेल्ट लागेना. दोन तासांनी ती म्हणाली, "निलेश, खिडकी उघडू का रे? घाम येतोय."

"हीटेड सीट आहे ती," मी अभिमानाने सांगितलं.

डोंगराच्या पायथ्याशी साखळ्यांच्या दुकानात शिरलो. गाडी फोर-व्हील असली तरी साखळ्याही घ्यायच्या, हा माझा त्रेचाळिसावा विचार. दुकानदार अर्ध्या चड्डीत साखळ्या खोक्यात भरत होता. माझ्या फरच्या टोपीकडे बघून म्हणाला, "यू राइट, मेट?"

"चेन्स हव्या होत्या. वर जायचंय."

"वर? चेन्स कशाला?"

मला वाटलं, माझी गाडी बघून म्हणतोय. सुखावून बाहेर आलो.

घाट लागला. मी बटण फिरवून चारही चाकं जोडली. कोरड्या खडखडीत रस्त्यावर! वळणावर गाडी कण्हायला लागली. मी म्हणालो, "बघ आई, पकड कशी आहे!" तेवढ्यात एक सायकलवाला, उघड्या अंगाने, आम्हाला ओलांडून पुढे गेला. इराने त्याला हात केला.

आणि आम्ही माथ्यावर पोचलो.

हिरवंगार गवत. पिवळी फुलं. ऊन. स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या, आता बंद पडलेल्या पाळण्यांच्या तारेवर एक कावळा. मी इंजिन बंद केलं आणि तसाच बसून राहिलो. सांगू का, माझ्या आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. आईचं तिकीट मंगळवारचं. एक साधी गोष्ट मागितली होती तिने. ती मी चार महिने तपासत बसलो होतो.

"बर्फ नाहीये गं आई," एवढंच बोललो. 

आई उतरली. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही कसा? तो काय!"

पाळण्यांच्या शेडमागे, सावलीत, बर्फाचा एक काळपट ढिगारा उरला होता. फार तर दोन परातींएवढा. त्यावर कुणाची तरी कॉफी सांडलेली. आई तुरुतुरु तिथे गेली, वाकली, मूठभर उचलला आणि ओरडली, "अगंबाई! केवढा गार हा! निलेश, फोटो काढ!"

मी फोटो काढले. चाळीसेक काढले. रडत होतो, हे कबूल करतो. सायली तोंड फिरवून उभी होती. मला वाटलं, तीही रडतेय.

मग कॅफेत गेलो. तेवढा उघडा होता. काउंटरवरच्या बाईने आईला बघितलं आणि हातातला कप खाली ठेवला.

"ओ माय गॉड! द पर्पल लेडी! यू केम बॅक!"

मी म्हटलं, "सॉरी, आमची आई पहिल्यांदाच आलीय."

"नो नो! जुलैत! बसमधून! त्या सगळ्या आज्या! बर्फावर ते जांभळं सरबत ओतून खात होत्या. मलाही दिलं. माझी जीभ दोन दिवस जांभळी!"

मी आईकडे बघितलं. आई मेनू वाचायला लागली. आईला इंग्रजी वाचता येत नाही.

"आई?"

इराने सुस्कारा सोडला. "बाबा, एव्हरीवन नोज. आजी मराठी मंडळाच्या सीनिअर्सच्या बसने गेली होती. यू वर इन बॅलरॅट."

गुडघा! लाल नाक! बसलेला आवाज! आणि मी हीटर वाढवला होता!

"कोकम होतं ते," आई मेनूमागून म्हणाली. "गोळा केला आम्ही. फार छान झाला होता."

"बस फोर-व्हील-ड्राइव्ह होती?" माझ्या तोंडून काय निघावं, बघा!

"साधी शाळेची बस रे. ड्रायव्हरने खाली उतरून साखळ्या लावल्या. आमची एक आरती होईस्तोवर लागल्यासुद्धा."

"पण मला सांगायचं तरी!"

आईने मेनू खाली ठेवला. "कसं सांगू? तू इतका जिवाचा आटापिटा करत होतास. दर रविवारी मला शेजारी बसवून नेत होतास. एरवी तुझा रविवार मला कुठे मिळाला असता?" मी विरघळलोच. हात पुढे करणार, तोच ती म्हणाली, "आणि तुझ्या बाबांनी सिमल्याची तयारी अठ्ठावीस वर्षं केली. तू त्यांच्यावर गेला आहेस, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. म्हणून सोमवारी बसमध्ये नाव दिलं."

मंगळवारी आई गेली. विमानतळावर व्हॅनमधूनच सोडली. बॅगा छान मावल्या, पायरीही गुडघ्याला सोयीची पडली. जाताना तिने बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "गाडी लाखात एक आहे हो."

किस्सा इथे संपला असता तरी माझी पुरेशी शोभा झाली होती. पण परवा कोल्हापूरहून आत्याचा फोन आला.

"निलेश, आम्ही दोघं येतोय! तिकिटं काढलीसुद्धा. तुझ्या आईने बर्फाचे फोटो दाखवले, तेव्हापासून काका मागेच लागलेत. आणि तुझ्याकडे बर्फाची गाडी आहेच!"

"अगं ये की आत्या! कधी येतेस?"

"जानेवारीत. तूच म्हणालास ना तुझ्या आईला, दसऱ्यानंतर थंडीला सुरुवात होते म्हणून? म्हटलं, मग जानेवारीत कडाकाच असेल. काकांसाठी दोन लोकरी कोट शिवायला टाकलेत."

 माझंच वाक्य! म्हणालो, "ये आत्या. गाडी तयार आहे."

फोन ठेवला, बाहेर गेलो, व्हॅनमध्ये बसलो आणि शीट उघडलं. बेचाळीस रकाने वरपासून खालपर्यंत दोनदा वाचले. त्यात एसीचा रकानाच नव्हता.

लावून बघितला. गरम हवा येते.