लॉगबुकातली पुराच्या दिवसाची नोंद

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. काशीला गंगेपलीकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रमुख होतो. आमचं घराणं ब्रह्माघाटाचं, चार पिढ्या तिथेच. घरात मराठी, ठाण्यात हिंदी.

कार्तिकातली सकाळ होती. गस्तीचे शिपाई परतले होते, मुन्शी, म्हणजे ठाण्याचा कारकून, रोजनामचा लिहीत होता. तेवढ्यात सत्तरीचे एक गृहस्थ धापा टाकत आत आले. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. नावेतून उतरून थेट आले असावेत. सुरुवात हिंदीत केली, पण माझ्या छातीवरची नावाची पाटी वाचली आणि मराठीवर आले.

"साहेब, नऊ वाजता एक विमान उडणार आहे. ते थांबवा. पडेल ते."

त्यांना बसवलं, पाणी दिलं. ते दुर्गाघाटावर राहत. एका महाविद्यालयात उपकरणं दुरुस्त करायची नोकरी त्यांनी आयुष्यभर केली होती. निवृत्तीनंतर सहा वर्षं खपून त्यांनी लाकूड आणि कापडाचं दोन आसनी विमान स्वतः बांधलं होतं. गल्लीतल्या घरात एकेक भाग बनवायचा, नावेने पलीकडे न्यायचा, तिथे जोडायचा. विमान खात्याने प्रत्येक टप्पा तपासून उड्डाणाचा परवाना दिला होता. पुढे नजर अधू झाली, तेव्हा आमच्या हद्दीतल्या एका शाळाचालकाने ते विकत घेतलं. त्याच्याकडे वैमानिकाचा परवाना होता. आईला वरून काशीचे घाट दाखवायचे, म्हणून आजचं उड्डाण. त्याच्या परवानगीची प्रत माझ्याच टेबलावर पडली होती.

मला वाटलं, विकल्याची हळहळ असेल. तसं बोललोही. म्हातारे काका रागावले नाहीत. काल ते सहज विमान बघायला गेले होते. राखणदार बोलता बोलता म्हणाला, भाद्रपदातल्या पुरात शेडमध्ये कमरेइतकं पाणी होतं. पंखांचे सांधे दुधापासून केलेल्या सरसाने जोडलेले. ते भिजले की सुटतात. मालक काल भेटला नाही, आज पहाटे भेटला, पण ऐकेना. सगळं तपासून झालंय म्हणाला.

घड्याळात आठ वीस झाले होते. रोजनामच्यात ठाण्यातून निघाल्याची नोंद करवली, एक हवालदार घेतला, काकांना जीपमध्ये बसवलं. उसाच्या शेतांमधून जीप अशी हाणली की काका दोन्ही हातांनी दांडी धरून होते. शेत संपलं आणि ते दिसलं. पिवळं, बारीकसं, उन्हात चमकणारं विमान. इंजिन चालू होतं. पुढच्या आसनावर डोक्यावरून पदर घट्ट बांधलेली वृद्ध बाई बसली होती. खरं सांगतो, क्षणभर मलाच ते उडताना बघावंसं वाटलं.

मी हात उंचावून समोर जाऊन उभा राहिलो. मालकाने इंजिन बंद केलं आणि तणतणत खाली उतरला. परवाना, विमा, सगळे कागद त्याने जीपच्या बॉनेटवर मांडले. कागद चोख होते. विमानातलं मला काही कळत नव्हतं, म्हणून काकांना नियम विचारला. ते म्हणाले, ज्याने विमान बांधलं त्याला देखभाल स्वतः करायची मुभा असते. ती विमानाबरोबर विकली जात नाही. नव्या मालकाने परवानाधारक इंजिनियरकडून तपासणी करून घ्यायची आणि लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, त्याची सही हवी.

लॉगबुकात सही होती. लखनौच्या इंजिनियरची, दर महिन्याची. माझा धीर सुटत चालला. कुठल्या कलमाखाली थांबवणार? तरी सवयीने एकेक तारीख वाचत गेलो आणि भाद्रपदातल्या एका नोंदीवर बोट थांबलं. 'मैदानावर इंजिन चालवून पाहिले. पंख व सांधे तपासले. ठीक.'

त्या तारखेला मी याच मैदानावरून नावेने गेलो होतो. पलीकडच्या वस्तीतली माणसं छपरांवरून उतरवून आणायला.

मालकाला काही बोललो नाही. विमान आणि लॉगबुक सांभाळणाऱ्या त्याच्या मेकॅनिकला जीपच्या मागे नेलं. चाळिशीचा, मुकाट्याने काम करणारा माणूस. सही खोटी आहे का, असं विचारलं तर माणूस आधी नाहीच म्हणतो. मी एवढंच विचारलं, "इंजिनियरसाहेब त्या दिवशी नावेतून आले होते का?"

 तो खाली बसला आणि सांगू लागला. पुराच्या वेळी मालक परगावी होता, विमान ओट्यावर चढवून ठेवायची जबाबदारी याच्यावर टाकली होती. पण पाणी वाढलं तसा हा स्वतःच्या घराकडे धावला. घरात दोन लहान मुली होत्या. परत आला तोवर विमान भिजलेलं. नोकरी जाईल या भीतीने इंजिनियरला तेव्हापासून बोलावलंच नाही; दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला त्याच्या सह्या स्वतः केल्या. विमान उन्हात वाळवलं, वर नवा रंग दिला.

मी मालकाला हे सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. तो म्हणाला, पंख उघडा, मी समोर उभा राहतो. काकांनी खिशातला चाकू काढला. स्वतः ताणून बसवलेलं कापड त्यांनी स्वतःच कापलं. आतली एक फळी त्यांनी दोन बोटांनी ओढली. ती खपलीसारखी निघून हातात आली. मग दुसरी. तिसरीला तर नुसता हात लावला.

 मालकाने आधी आईकडे पाहिलं. ती अजून आसनातच होती. त्याने तिला दोन्ही हातांनी उचलून खाली उतरवलं आणि तिच्या पायाशी बसून रडला. म्हातारी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "बेटा, घाट तो नाव से भी दिख जाते हैं।"

पंचनामा केला, लॉगबुक जप्त केलं, विमान खात्याला कळवलं. उड्डाणाचा परवाना स्थगित झाला. मेकॅनिकने न्यायालयात कबुली दिली, शिक्षा हलकी झाली. काकांनी मालकाच्या मदतीने दोन्ही पंख नव्याने बांधले, खात्याच्या माणसांनी पुन्हा प्रत्येक टप्पा तपासला. दीड वर्षाने म्हातारीने वरून काशी पाहिली. मी वर्दीत वाळूवर उभा होतो आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होतो.

या प्रकरणाने मला जे शिकवलं ते सांगायला थोडी लाज वाटते. त्या मेकॅनिकचा जबाब लिहून ठाण्यात परतलो तेव्हा मुन्शीने गस्तीचं रजिस्टर सहीसाठी पुढे सरकवलं. अमुक वाजता अमुक चौकाची पाहणी केली, असं त्यात रोजच्यासारखं लिहिलेलं होतं. मी तिथे गेलो नव्हतो. अशा कितीतरी सह्या मी खुर्चीत बसून केल्या होत्या. त्या दिवशी पेन खाली ठेवलं, टोपी घातली आणि आधी त्या चौकात जाऊन आलो.