अवेळी लाल झालेला मेपल
डोळे चुरचुरवणारा तो आंबूस वास आला की मला बाबांचा मेपल आठवतो. डोंगरावरच्या नर्सरीत, शेतात वाढवलेलं ते जपानी झाड त्यांनी अंबरनाथच्या आमच्या गॅलरीत आणलं आणि रविवारभर फांद्यांना तार गुंडाळून त्याचं बोनसाय केलं. सोमवारी सकाळी हवेत तो वास होता आणि हिरवी पानं कडेकडेने लाल झाली होती. “अहो, अगदी जपानच्या फोटोतल्या लाल मेपलसारखं झालं बघा!” आई हरखून म्हणाली. बाबांनी एक पान चिमटीत धरलं, त्याचा चुरा झाला. ते केमिकल कंपनीत होते; रात्री कुठल्यातरी कंपनीने वायू सोडलाय, त्यानेच पानं जळलीत, हे त्यांनी ओळखलं. “खिडक्या लावून घे. पोरीला खाली सोडू नकोस,” एवढंच बोलून ते डबा घेऊन रोजच्यासारखे ड्युटीवर गेले. आता त्याच गॅलरीत माझी तुळस आहे. वास आला की आधी तिचं पान चिमटीत धरते, चुरा झाला नाही तरच मुलीला खेळायला सोडते.