दगडी बेसिन

कंटेनरबरोबर आलेल्या कागदांवर लिहिलं होतं, वापरलेलं लाकडी फर्निचर आणि एक दगडी बेसिन. त्यामुळे कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. मी कुवेतला, शुवैखमधल्या एका इंटिरियर कंपनीत ड्रॉइंग करते. सालमियातल्या एका नव्या कॅफेचं काम आमच्याकडे होतं आणि मालकाला जुन्या इंग्लंडचा फील हवा होता. म्हणून तिकडच्याच एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून हे सामान मागवलेलं. मी ते फोटोत पाहून, मापं घेऊन कॅफेच्या नकाशात बसवूनही टाकलं होतं.

वर्कशॉपमध्ये पॅकिंग उघडलं चाचांनी. चाचा आमचे हेड मिस्त्री, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे, तीस वर्षं इथे सुतारकाम करणारे. त्यांनी मला फोन करून खाली बोलावलं.

आठ-आठ फुटांची ओकची बाकं ओळीनं मांडली होती. टोकाच्या फळ्यांवर पानं कोरलेली, एकीवर अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं कुत्रं. प्रत्येक बाकाला कमरेएवढं दार आणि दारावर पितळी नंबर. बाकाच्या पाठीमागून एक अरुंद फळी, मागच्या माणसाला पुस्तक ठेवायला. दाराशी खाली एक छोटी पत्र्याची थाळी होती. ती कशासाठी हे चाचांना कळेना. बराच वेळ विचार करून मी म्हटलं, "ओल्या छत्रीचं पाणी पडायला असेल." चाचा हसले. मग बाकावरून हात फिरवू लागले.

"ताई, ही कुणाच्या घरातली नव्हेत," ते म्हणाले. "ही जमातीची आहेत, सगळ्यांनी प्रार्थनेला बसायची. बघा ना, बसून बसून लाकूड कसं खोलगट झालंय."

शेजारी एक लाकडी फळा होता. त्याच्या खाचांत तीन आकडे तसेच राहिलेले. दुपारी डबा खाताना मी इंटरनेटवर शोधलं. गावातल्या चर्चमध्ये त्या दिवशी कोणती गाणी म्हणायची, त्यांचे नंबर असे लावतात म्हणे. माणसं कमी झाली की अशी चर्चं बंद होतात आणि सामान विकलं जातं. म्हणजे ती तीन गाणी शेवटच्या दिवशीची. फळ्यावर आता कॅफेतली आजची स्पेशल डिश लिहायची होती. तेही माझ्याच ड्रॉइंगमध्ये होतं.

आमची रिसेप्शनिस्ट गोव्याची, माझ्याशी मराठीतच बोलते. संध्याकाळी ती सही घ्यायला खाली आली आणि त्या दगडी बेसिनपाशी थबकली. आठकोनी, कमरेएवढा उंच, प्रत्येक बाजूवर एक फूल. एका बाजूचं कुणीतरी कधीकाळी फोडलेलं.

"हे इथे कसं आलं?"

"टॉयलेटबाहेर हात धुवायला बसवणार आहोत," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "अगं, बेसिन नव्हे हे. यातलं पाणी बाळाच्या डोक्यावर घालतात, नाव ठेवतात. माझ्या दोन्ही मुलींचं झालंय असंच." तिनं दगडाच्या काठाला बोटं लावली आणि सही न घेताच वर गेली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. साहेब लखनौचे, स्वभावानं वाईट नाहीत. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, हमारे यहाँ पुराने मंदिरों के दरवाज़े होटलों में नहीं लगते क्या? तब किसने रोका?"

अशा एका होटेलात, अशाच दरवाजाशेजारी उभं राहून मीच फोटो काढून घेतला होता. विकणाऱ्यानं रीतसर विकलं होतं, घेणाऱ्यानं रीतसर घेतलं होतं. माझा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, याच कंपनीवर, मुलगी दहावीत. तरी मी एक खोटं बोलून पाहिलं.

"सर, दगड फार जुना आहे. ड्रेनसाठी भोक पाडलं तर तडा जाईल."

साहेब स्वतः खाली आले. दगडाच्या पोटाला आतून शिशाचा पत्रा होता. त्यांनी बॅटरी मारली, तळाशी साचलेला कचरा बोटानं बाजूला केला.

"छेद तो पहले से है, मॅडम."

खरंच होतं. नंतर वाचलं, की मंत्रलेलं पाणी भलत्याच्या हाती लागू नये म्हणून ते तिथूनच जमिनीत सोडून देत. आधी वाचलं असतं तरी मी काय करू शकले असते, कुणास ठाऊक.

बाकं साडेचार फुटांची करायची होती. चाचांनी ड्रॉइंग बघून बाकावर पेन्सिलीनं खुणा केल्या. "टोकं ठेवतो, मधलं काढतो. निदान नक्षी तरी राहील," ते म्हणाले. मधल्या भागावर पोरांनी चाकूनं कोरलेली अक्षरं होती, गलबतासारखं काहीतरी होतं. मी म्हटलं, "चाचा, एक तरी अख्खं ठेवता येईल का?"

"तुम्ही ड्रॉइंग बदला, मी ठेवतो."

ड्रॉइंगवर सही मालकाची झालेली. चाचांनी मशीन चालू केलं, मधेच बंद केलं, घाम पुसला, पुन्हा चालू केलं. दिवसभर वर माझ्या टेबलापर्यंत तो आवाज येत होता.

कॅफे सुरू झाल्यावर नवरा आणि मुलगी मागे लागले, तुझं काम दाखव म्हणून. गेलो. मुलगी हात धुऊन आली आणि म्हणाली, "मम्मा, सो कूल! तू डिझाइन केलंस?" मी हो म्हटलं. आणि काय म्हणणार?

कॅफे वर्षभर चाललं असेल. एकदा बसमधून जाताना काचांना आतून पुठ्ठे लावलेले दिसले म्हणून मी उतरले. इमारतीचा वॉचमन म्हणाला, सामान तीन दिवसांपूर्वीच ट्रकमधून गेलं.

"कुठे गेलं?"

त्याला माहीत नव्हतं. "बाकं नेली. तो दगड मात्र दारातून निघेना. आणताना दरवाजा बसायचा होता, आता बसलेला. मग हातोड्यानं फोडून गोण्यांत भरला."

मी त्याला उगाचच थँक्यू म्हटलं. पुढची बस यायला वेळ होता. मी तिथेच उन्हात उभी राहिले. वर्कशॉपमध्ये जाऊन चाचांना सांगितलं तेव्हा ते पटाशीला धार लावत होते. त्यांनी पटाशी उलटवून दुसऱ्या बाजूनं घासायला घेतली. रिसेप्शनवरच्या माझ्या मैत्रिणीला मात्र हे अजून सांगितलेलं नाही. ती कधीकधी विचारते, "अगं, चालतंय का ते कॅफे?" मी म्हणते, "चालत असेल."