नंदी कोणाचा?

माझी मोठी बहीण नागपूरला असते आणि लिहिते. दिवाळी अंकात तिच्या लहानपणच्या आठवणी छापून येतात, आणि लोक तिला फोन करून रडतात. मी सौंसरला शाळेत शिकवते. मला फोन येतात ते पालकांचे.

यंदाच्या तिच्या लेखात आमच्या बाबांनी केलेला लाकडी नंदी होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. पोरंसोरं चाकांचा नंदी दोरीने ओढत घरोघर फिरतात आणि बोजारा म्हणून खाऊ, चिल्लर मिळवतात. पांढुर्ण्यात त्याच दिवशी नदीवर गोटमार, म्हणून आमच्या गल्लीतली पोरं दगडफेक सुरू व्हायच्या आत, सकाळीच नंदी फिरवून घेत. बाबा कचेरीत कारकून, सुतारकाम त्यांनी बापजन्मी केलं नव्हतं. चौकटीच्या उरलेल्या सागवानातून त्यांनी नंदी कोरला तेव्हा एक कान दुसऱ्याच्या दुप्पट झाला. ताईने लिहिलं होतं, 'बाबांनी तो माझ्यासाठी केला. त्या लांब कानात मी माझी गुपितं सांगायची.'

नंदी माझा होता. मला गोवर आला होता, म्हणून बाबांनी तो माझ्या खाटेशी बसून कोरला. ताईने तर 'पोट्ट्यांचं खेळणं' म्हणून नाक मुरडलं होतं. गुपितं कसली सांगते! आयत्या बिळावर नागोबा. वाचताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की लेख सुंदर होता. ते कानातल्या गुपितांचं मला का सुचलं नाही, यानेही मी जळले.

मी फोन केला तर ती हसली. "अवं, आठवणी लिहिताना थोडं इकडचं तिकडं होतेच नं. तुहा गोवर टाकला असता तं लेख दवाखान्यातच गेला असता."

पुढच्या रविवारी मी पांढुर्ण्याला आईकडे गेले. तिच्या उशाशी ताईचा अंक होता आणि ती नंदी जुन्या लुगड्यात गुंडाळत होती.

"काय करून राहिली आई?"

"ताईले द्याचा आहे. तिचाच होता नं तो. वाचलं नाही का तू?"

"माहा होता. मले गोवर आला होता तवाचा."

"गोवर तं दोघींलेही आला होता, बाई. मले नाही आठवत."

बाबा असते तर एका शब्दात निकाल लागला असता. ते गेल्याला आता बरीच वर्षं झाली. खरं सांगून झालं होतं आणि ते फारच साधं निघालं. मग मी ताईसारखी बोलायला लागले.

"बाबानं त्याच्या गळ्यात पितळेची घंटी बांधली होती, आठवते? मी तापात पडून राहो, तं बाबा ती वाजवे, अन् मी डोळे उघडो."

घंटी नव्हती. कधीच नव्हती.

आईचा हात थांबला. "हो वं! ती घंटी! दिवसभर वाजवे तुहा बाप, माहं डोकं उठे." तिचे डोळे भरून आले. "म्हणजे तुहाच होता वं तो." आणि तिने गुंडाळलेलं लुगडं सोडून नंदी माझ्या मांडीवर ठेवला.

परतीच्या बसमध्ये तो माझ्या मांडीवरच होता. मी खूश व्हायला हवं होतं, पण मला ताईचाच हेवा वाटत होता. तिला हे इतकं सहज जमतं, आणि मागाहून झोपही लागत असणार. खरं म्हणजे मला त्या घंटीचाही हेवा वाटला. माझा अख्खा गोवर विसरलेल्या आईला ती लगेच आठवली.

संक्रांतीला आई आणि ताई दोघी माझ्याकडे येणार आहेत. काल बैलांच्या साजाच्या दुकानातून एक पितळी घंटी आणली. नवी फारच चकाकते. जुनी दिसावी म्हणून न्हाणीत मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली आहे.